सूत्र म्हणतं ५६ मायक्रोग्रॅम, जेलवर दिसतो जेमतेम अर्धा मायक्रोग्रॅम. पीसीआरच्या गणितात माझं कुठे चुकतंय?

गोदाकाठ_नांदेड

नमस्कार मंडळी. मी एम.एस्सी. बायोटेकच्या पहिल्या वर्षाला आहे. तीन दिवस पीसीआरच्या (डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती करण्याच्या पद्धतीच्या) एका गणितापाशी अडून बसले आहे. वर्गात विचारून झालं, आता इथे विचारते.

असाइनमेंटमधलं उदाहरण असं: २५ मायक्रोलिटरची रिअ‍ॅक्शन, त्यात १० नॅनोग्रॅम मानवी जीनोमिक डीएनए, ५०० बेस पेअरचा (डीएनएच्या अक्षरांच्या जोड्यांचा) तुकडा वाढवायचा आहे, ३५ सायकल (तापवण्या-निववण्याच्या फेऱ्या). शेवटी तो तुकडा किती मायक्रोग्रॅम मिळेल?

मी असं केलं. माणसाच्या एका हॅप्लॉइड (एकेरी संचाच्या) जीनोमचं वजन साधारण ३.३ पिकोग्रॅम. १० नॅनोग्रॅम म्हणजे १०,००० पिकोग्रॅम, भागिले ३.३, म्हणजे सुमारे ३,००० प्रती. दर सायकलला दुप्पट, म्हणून २ चा ३५ वा घात, तो येतो ३,४३६ कोटी. दोन्हींचा गुणाकार १०३ लाख कोटी प्रती. एका बेस पेअरचं वजन ६५० धरलं तर ५०० चा तुकडा ३,२५,००० ग्रॅम प्रति मोल. अ‍ॅव्होगॅड्रो संख्येने प्रतींचे मोल काढून या वजनाने गुणलं तर उत्तर ५६ मायक्रोग्रॅम.

आता खरी अडचण. हीच रिअ‍ॅक्शन आम्ही प्रॅक्टिकलला केली होती, तोच डीएनए, तेच प्रायमर (तुकड्याची दोन टोकं ठरवणारे छोटे धागे), ३५ च सायकल. त्यातले ५ मायक्रोलिटर दीड टक्क्याच्या अ‍ॅगरोज जेलवर चालवले. बँड छान एकच आला, बरोबर ५०० ला. पण लॅडरच्या (शेजारी चालवलेल्या, वजन माहीत असलेल्या तुकड्यांच्या) बँडशी ताडून पाहिलं तर तो १०० नॅनोग्रॅमच्या आसपासचा. म्हणजे सगळ्या २५ मायक्रोलिटरमध्ये मिळून ५०० नॅनोग्रॅम. ५६ मायक्रोग्रॅम कुठे आणि अर्धा कुठे! शंभरपटीहून जास्त फरक आहे. पुन्हा केलं, पुन्हा तेच. शेजारच्या गटाचंही तेच. वर्गात सांगितलं गेलं की सूत्र बरोबर आहे, तुमचं पिपेटिंग चुकलं असेल. दोन्ही वेळा मी एकेक थेंब बघून घातला होता, म्हणून ते मनाला पटत नाही.

दुसरी शंका छोटी आहे. एका पुस्तकात प्रतींसाठी २ चा एन वा घात (एन म्हणजे सायकलींची संख्या) दिला आहे, दुसऱ्यात त्यातून २एन वजा केले आहेत. नक्की कोणतं लिहायचं?

---

वऱ्हाडी_मास्तर

तुझी आकडेमोड मी कागदावर करून पाहिली, त्यात चूक नाही. सुरुवातीच्या प्रती काढताना बरेच विद्यार्थी अडखळतात, तू तिथे नीट गेलीस.

दुसऱ्या शंकेचं आधी सांगतो. दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत, मोजतात ते वेगळं. पहिल्या सायकलमध्ये मूळ लांबलचक डीएनएवर जो नवा धागा तयार होतो त्याचं एक टोक प्रायमरने ठरलेलं असतं, दुसरं मात्र एन्झाइम जिथवर पोहोचेल तिथवर मोकळं जातं. मूळचे दोन धागे ट्यूबमध्ये शेवटपर्यंत असतात आणि दर सायकलला असे दोन लांब धागे नव्याने देत राहतात. दोन्ही टोकं ठरलेला, नेमका ५०० चा दुहेरी तुकडा पहिल्यांदा दिसतो तो तिसऱ्या सायकलनंतर. तेव्हा एकूण दुहेरी रेणू ८, त्यातले ६ कुठे ना कुठे लांब धागा असलेले आणि २ नेमके. ८ वजा ६, म्हणजे २ चा ३ रा घात वजा २ गुणिले ३. चौथ्या सायकलनंतर १६ वजा ८, म्हणजे ८ नेमके. कागदावर धागे काढून एकदा स्वतः मोज, मग कधी विसरणार नाहीस. ३० सायकलींनंतर एका मूळ प्रतीमागे १०७ कोटींतून फक्त ६० वजा होतात, म्हणून व्यवहारात कुणी वजा करत बसत नाही. परीक्षेत मात्र 'नेमक्या लांबीचे तुकडे किती' असं विचारलं असेल तर वजा कर.

मोठ्या शंकेवर एक जुना दाखला देतो. पीसीआरचा पहिला शोधनिबंध १९८५ साली 'सायन्स' मध्ये आला, कॅलिफोर्नियातल्या सेटस कंपनीच्या लोकांचा. कॅरी मलिस त्यातलेच एक, त्यांना पुढे १९९३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. निबंध होता सिकलसेलच्या निदानावर, बीटा ग्लोबिन जनुकाचा तुकडा वाढवून. माझे कितीतरी विद्यार्थी विदर्भातल्या सिकलसेल असलेल्या घरांतून येतात, म्हणून मी दरवर्षी वर्गात हाच दाखला घेतो. त्यांनी २० सायकल केल्या. सूत्राने १० लाख ४८ हजार पट व्हायला हवं होतं. त्यांना मिळालं २ लाख २० हजार पट. त्यांनी ते लपवलं नाही. उलट त्यावरून सांगितलं की दर सायकलला सरासरी ८५ टक्केच धाग्यांची नक्कल होते. म्हणजे २ च्या जागी १.८५ धर आणि त्याचा २० वा घात कर, २ लाख २० हजाराच्या आसपासच येईल.

तेव्हा टॅक (डीएनएची नक्कल करणारं, उष्णता सोसणारं एन्झाइम) वापरात नव्हतं. क्लेनॉ नावाचं एन्झाइम दर सायकलला उष्णतेने मरायचं आणि प्रत्येक वेळी झाकण उघडून ताजं घालावं लागायचं. पण सूत्रातला २ हा आकडा आदर्श आहे, हे पहिल्याच निबंधात लिहिलेलं आहे, आणि वर्गात ते सांगितलं जात नाही याचं मला वाईट वाटतं.

---

केळीपट्टा

अगं, तुझी पिपेट ठीक आहे. पाच-दहा टक्क्यांचा फरक असता तर पिपेटला बोल लावला असता. शंभरपट फरक तिने पडत नाही, आणि दोन गटांना तोच आकडा येतोय म्हटल्यावर तर नाहीच. मी जळगाव जिल्ह्यात केळीच्या टिश्यू कल्चर रोपांची विषाणू तपासणी करते, बावीस वर्षं झाली. हे गणित माझ्या रोजच्या कामाचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तू हिशेब फक्त सुरुवातीकडून केलास. आता शेवटाकडून कर. ट्यूबमध्ये काय काय घातलं ते वहीत असेलच. प्रायमर प्रत्येकी ०.२ मायक्रोमोलर घातले असतील, बहुतेक प्रॅक्टिकलच्या कागदांवर तेच असतं. २५ मायक्रोलिटरमध्ये ते ५ पिकोमोल होतात. एका पिकोमोलमध्ये ०.६ लाख कोटी रेणू, म्हणजे पाचात ३ लाख कोटी. नव्या प्रत्येक धाग्याच्या टोकाला एक प्रायमर खर्ची पडतो आणि तो परत मिळत नाही. म्हणजे जगातलं कितीही भारी मशीन आणलंस तरी त्या ट्यूबमध्ये ३ लाख कोटींहून जास्त दुहेरी तुकडे होणार नाहीत. आणि तू मागतेयस १०३ लाख कोटी.

आता डीएनटीपी, म्हणजे डीएनएचे चार सुटे घटक, बघ. प्रत्येकी २०० मायक्रोमोलर म्हणजे २५ मायक्रोलिटरमध्ये प्रत्येकी ५ नॅनोमोल, चारी मिळून २०. साखळीत बसलेल्या एका न्यूक्लिओटाइडचं वजन तुझ्या ६५० च्या निम्मं, ३२५ धर. सगळेच्या सगळे लागले तरी डीएनए होईल साडेसहा मायक्रोग्रॅम. तुझं सूत्र ५६ सांगतंय. परातीत पीठ असेल तेवढ्याच भाकरी होतात गं, तव्यावर किती वेळा उलटलं यावर नाही.

प्रायमरची मर्यादा वजनात काढ: ५ पिकोमोल गुणिले ३,२५,०००, म्हणजे १.६ मायक्रोग्रॅम. हे तुझ्या ट्यूबचं छत. तुला अर्धा मायक्रोग्रॅम मिळाला, म्हणजे छताच्या जवळजवळ एक तृतीयांश. चांगली रिअ‍ॅक्शन आहे ती, कुणी काही म्हणो.

छताला का टेकत नाही? शेवटी शेवटी तुकडेच इतके होतात की थंड होताना ते प्रायमरची वाट बघत नाहीत, एकमेकांनाच चिकटून बसतात. एन्झाइमही थोडं थोडं मरत असतं. ९५ अंशांना टॅकचं अर्धआयुष्य सुमारे ४० मिनिटं आहे. ३५ सायकल, प्रत्येकी ३० सेकंद, म्हणजे साडेसतरा मिनिटं ते त्या तापमानाला उकळून निघतं, सुरुवातीचं तापवणं वेगळं. जितकं उरतं त्याच्यासमोर नकला करायचे धागे मात्र कोट्यवधींनी वाढलेले असतात.

आता उलटा हिशेब करून बघ, मला हा सगळ्यात आवडतो. ५०० नॅनोग्रॅम म्हणजे ०.९३ लाख कोटी तुकडे. भागिले सुरुवातीच्या ३,०००, म्हणजे सुमारे ३१ कोटी पट वाढ. २ चा २८ वा घात २६ कोटी ८४ लाख. म्हणजे अगदी पूर्ण दुप्पट होत गेलं असतं तर तू अठ्ठाविसाव्या सायकललाच या आकड्यापाशी पोहोचली असतीस. थोडी कमी कार्यक्षमता धरली तरी तिशीच्या आसपास. पुढच्या पाच-सात सायकलींत मशीन तापलं आणि निवलं, ट्यूबमध्ये फारसं काही वाढलं नाही. २ चा घात खरा असतो तो मधल्या टप्प्यापुरता, आणि जेलवर तू जो बँड बघतेस तो तो टप्पा संपल्यानंतरचा असतो. म्हणूनच शेवटच्या बँडच्या जाडीवरून सुरुवातीला किती प्रती होत्या हे सांगता येत नाही. ३,००० ने सुरुवात केलेली ट्यूब आणि ३०,००० ने सुरुवात केलेली ट्यूब, ३५ सायकलनंतर जेलवर जुळ्या बहिणींसारख्या दिसतात.

कार्यक्षमतेबद्दल मास्तरांनी सांगितलंच आहे. मी एकच आकडा जोडते, तो मी टेबलासमोर भिंतीला चिकटवून ठेवला आहे. ३० सायकल, एका प्रतीपासून: २ ने केलं तर १०७ कोटी, १.९ ने केलं तर २३ कोटी, १.८ ने केलं तर साडेचार कोटी. दर सायकलला दहा टक्के कमी म्हणजे किरकोळ वाटतं. तीस वेळा गुणलं की साडेचारपट-पाचपट फरक पडतो.

आमच्याकडे हे दहा टक्के कुठे जातात सांगते. केळीचं पान तोडलं की चीक गळतो. कपड्याला लागला तर काळा डाग पडतो, तो धुण्याने जात नाही. रावेर-यावलच्या बागांतल्या माणसांचे कामाचे कपडे बघितलेस तर कळेल. तो चीक, त्यातले पॉलिफिनॉल, शिवाय पानातले चिकट पॉलिसॅकराइड डीएनएबरोबर ट्यूबमध्ये येतात आणि टॅकचा गळा धरतात. सीटॅबने (डीएनए वेगळा करायच्या रसायनाने) काढा, पीव्हीपी (पॉलिफिनॉल धरून ठेवणारं) घाला, थोडं तरी येतंच. मग आम्ही नमुना दहापट पातळ करून पुन्हा लावतो. स्वच्छ नमुना असेल तर दहापट पातळ केल्यावर सिग्नल (रिअल-टाइम मशीनवर दर सायकलला दिसणारी चमक) ३.३ सायकल उशिरा यायला हवा, कारण २ चा ३.३२ वा घात म्हणजे १०. तो जर एखादीच सायकल उशिरा आला, किंवा चक्क आधी आला, तर समजायचं की डीएनए भरपूर आहे, त्याला घाण अडवून धरत होती.

आणि जास्त सायकल केल्या म्हणजे जास्त खात्री, असं तुला कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. हे मी स्वतः भोगलं आहे. नवीन होते तेव्हाची गोष्ट, आधीच्या नोकरीतली. पर्णगुच्छ रोगाच्या विषाणूसाठी मातृरोपांची पानं तपासत होतो. काही निसटायला नको म्हणून ४० सायकल लावायचो. एका सकाळी जेल दिव्याखाली धरलं तर बाराच्या बारा नमुन्यांना बँड, आणि तेराव्या खणात, जिथे नुसतं पाणी घातलं होतं, तिथेही बँड. पाण्यालाच रोग झालेला! त्या मातृरोपांपासून वाढवलेली सगळी रोपं अडकली. मृगबागेची लावणी तोंडावर होती. ५ बाय ५ फुटांवर लावली तर एकरी सुमारे १,७४० रोपं लागतात, आणि एका शेतकऱ्याने सहा एकर नांगरून, ठिबकच्या नळ्या अंथरून ठेवले होते. तो रोज सकाळी नऊला फोन करायचा आणि फक्त विचारायचा, 'ताई, आज?' होकार द्यायची माझी हिंमत नव्हती. रोगट रोप गेलं तर मावा तो विषाणू शेजारच्या झाडांवर नेतो, आणि पर्णगुच्छ झालेल्या झाडाला धड घड येत नाही. नाही म्हणावं तर तीन आठवड्यांत त्याचा हंगाम जातोय.

कारण सापडलं ते टेबलावर. जेलमध्ये नमुने भरायची पिपेट मास्टर मिक्सच्या (नमुना सोडून बाकी सगळं एकत्र करायच्या) टेबलावर आली होती, आणि ती उचलून आणणारी मीच होते. आता गणित बघ. झालेल्या पीसीआरच्या ट्यूबमध्ये १ लाख कोटी तुकडे धर, २५ मायक्रोलिटरमध्ये. पिपेटच्या नळीत त्याचा एक नॅनोलिटर एवढा अदृश्य फवारा राहिला, तर त्यात ४ कोटी प्रती. आणि ४ कोटी कशाला, एक प्रत पुरते. २ चा ४० वा घात १.१ लाख कोटी आहे, ५०० चा तुकडा असेल तर जवळजवळ ६०० नॅनोग्रॅम, डोळे दिपवणारा बँड. तीच एक प्रत ३० सायकल चालवली असती तर १०७ कोटी तुकडे, वजन ०.६ नॅनोग्रॅमच्याही आत, त्यातला पाचवा हिस्सा जेलवर. डोळ्यांना बँड दिसायला एखाद-दोन नॅनोग्रॅम तरी लागतात, म्हणजे ती दिसलीच नसती. त्या दिवसापासून आमची मास्टर मिक्सची खोली वेगळी, पिपेट वेगळी, अंगावरचा कोटसुद्धा वेगळा. सायकल किती करायच्या ते सुरुवातीच्या प्रतींवरून आधी कागदावर काढते, मग मशीनला सांगते.

सगळ्या नमुन्यांची पानं पुन्हा आणून, नव्या पिपेटने, ३० सायकलवर तपासली. बारापैकी अकरा स्वच्छ निघाली. एक खरंच रोगट होतं.

---

रात्रपाळी

केळीपट्टा ताईंचं वाचून २०२०-२१ च्या रात्री आठवल्या. मी तेव्हा कोविडच्या आरटी-पीसीआर तपासणीला होतो. लोकांना पॉझिटिव्ह-निगेटिव्हपेक्षा सीटीचा आकडा हवा असायचा. रात्री अडीचला फोन, 'माझा १८ आहे, शेजाऱ्याचा २८, म्हणजे मी गंभीर का?'

इथेही हेच घाताचं गणित आहे, फक्त उलट्या दिशेने. सिग्नल ठरलेली रेघ ओलांडतो ती सायकल म्हणजे सीटी. १८ आणि २८ मध्ये १० सायकल, २ चा १० वा घात १,०२४, म्हणजे पहिल्याच्या ट्यूबमध्ये सुरुवातीला हजारपट प्रती होत्या. आयसीएमआरने ३५ पर्यंत पॉझिटिव्ह धरायला सांगितलं होतं. १८ आणि ३५ मध्ये १७ सायकल, १ लाख ३१ हजार पट. गणित बरोबर, पण त्यावरून आजार किती हे सांगता येत नाही. स्वॅब किती खोल घेतला, बर्फात आला की उन्हात तापून आला, किट कोणतं, आरएनएचा डीएनए करतानाच किती गळाला, या सगळ्याची भर त्या आकड्यात असते. ट्यूबमधल्या प्रती मोजता येतात, घशातल्या नाही. मी फोनवर एवढंच विचारायचो की दम लागतो का, ऑक्सिजन किती दाखवतंय. त्या आकड्याला सीटीपेक्षा जास्त अर्थ होता.

---

गोदाकाठ_नांदेड

काय बोलू, तिघांचेही खूप आभार. पीठ आणि भाकरीचं वाचून मी वही काढली. प्रायमर ०.२ मायक्रोमोलरच होते, डीएनटीपी २०० च. आम्ही ते आकडे तक्त्यात भरले होते आणि कुणीही त्यांचा गुणाकार केला नव्हता.

आता असाइनमेंटमध्ये काय लिहू? ५६ लिहिलं तर मार्क मिळतील, पण ते खोटं आहे हे कळल्यावर लिहवत नाही. आणि विभागात एक रिअल-टाइम मशीन आहे, परवानगी मिळाली तर पातळ करत जाऊन स्वतःची कार्यक्षमता काढू का?

---

केळीपट्टा

दोन्ही लिही. आधी सूत्राचं उत्तर, ५६, आणि खाली लगेच एका ओळीत: प्रायमरच्या मर्यादेमुळे कमाल १.६ मायक्रोग्रॅम शक्य, प्रत्यक्षात ०.५ मिळाला. तपासणाऱ्याला तुझे मार्क कापायला जागा उरणार नाही.

मशीन मिळालं तर सोडू नकोस. १०, १, ०.१, ०.०१ नॅनोग्रॅम, प्रत्येकी तीन वेल (मशीनच्या ताटलीतले खण), आणि पाण्याच्या तीन. दर वेळी नवी टिप, आणि दर पायरीला ट्यूब नीट हलवून घे. पातळ करण्यातली चूक पुढच्या प्रत्येक पायरीला लागत जाते. आडव्या अक्षावर प्रतींचा लॉग, उभ्यावर सीटी, रेघेचा उतार काढ. उणे १ भागिले उतार, तो १० चा घात कर, त्यातून १ वजा कर, ती तुझी कार्यक्षमता. उतार उणे ३.३२ आला तर शंभर टक्के. उणे ३.६ च्या आसपास गेला तर नव्वदच्या खाली. आणि उणे ३.१ आला, म्हणजे ११० टक्के, तर खूश होऊ नकोस. दुपटीपेक्षा जास्त होऊ शकत नाही, तेव्हा पातळ करताना चूक झाली आहे किंवा दाट नमुन्यात काहीतरी अडथळा आहे.

---

गोदाकाठ_नांदेड

झालं! शनिवारी दुपारी मशीन मिळालं. सायबर ग्रीन या चमकणाऱ्या रंगावर केलं. सरासरी सीटी: १० नॅनोग्रॅमला २६.२, १ ला २९.७, ०.१ ला ३३.२. दर पायरीला बरोबर साडेतीन. उतार उणे ३.५, कार्यक्षमता ९३ टक्के! पाण्याच्या तिन्ही वेल ४० सायकलपर्यंत कोऱ्या.

पण ०.०१ ला घोळ झाला. एक वेल ३६.५, दुसरी ३६.८ आणि तिसरी कोरी. तिसऱ्या वेलमध्ये मी नमुना घालायला विसरले असं सगळे म्हणतायत. मी विसरले नव्हते, टिप रिकामी होताना बघितली होती. ती वेल तक्त्यातून खोडू का?

---

केळीपट्टा

खोडू नकोस! ९३ टक्के पहिल्याच प्रयत्नात, मला मनापासून आनंद झाला.

त्या वेलचं ऐक. ०.०१ नॅनोग्रॅम म्हणजे १० पिकोग्रॅम, भागिले ३.३, म्हणजे सरासरी ३ प्रती. सरासरी, हा शब्द धर. पिपेटने तू ३ प्रती मोजून उचलत नाहीस, पाण्याचा एक थेंब उचलतेस. कधी त्यात ५ येतात, कधी १, कधी एकही नाही. सरासरी ३ असताना एकही न येण्याची शक्यता शंभरात ५ आहे, पॉयसनच्या नियमाने. तीन वेल लावल्या तर त्यातली निदान एक कोरी निघण्याची शक्यता शंभरात १४. म्हणजे सात वेळा हा प्रयोग केलास तर सरासरी एकदा असं होतं, कितीही हात सफाईदार असला तरी. तू घातलेल्या थेंबात प्रत नव्हती, एवढंच.

म्हणून उतार काढताना वरच्या तीनच पातळ्या घे, तू घेतल्यासच. चौथी तक्त्यात तशीच ठेव, कोऱ्या वेलसकट, आणि शेजारी '३ पैकी २' असं लिही. शंभरात पंचाण्णव वेळा सापडायला थेंबात सरासरी ३ प्रती लागतात, याच्या खाली कुठलंही पीसीआर जात नाही. आम्ही मातृरोपाचं एकच पान न घेता वेगवेगळी पानं घेतो आणि वेल वाढवतो, ते यासाठीच.

पुन्हा मशीन मिळालं तर त्या पातळीला तीनऐवजी आठ वेल लाव. आणि ३६.५ आणि ३६.८ वाल्यांचा मेल्ट कर्व्ह (तापवत नेताना तुकडे कुठल्या तापमानाला सुटतात त्याचा आलेख) इथे टाक. सायबर ग्रीन कुठल्याही दुहेरी डीएनएला चमकतं, प्रायमर एकमेकांना चिकटले तरी. वरच्या पातळ्यांचं शिखर ज्या तापमानाला आहे तिथेच या दोन्हींचं आहे का, तेवढं बघू.